वाडीबंदर ते पडघे : विजेच्या रूपांतराची कथा

दिनांक ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी सुरू झाली, ही हकीकत आपणांस शाळेच्या पुस्तकांतून ठाऊक असते. परंतु ती गाडी ज्यांच्या बळावर धावली, ती यंत्रे स्थानकातील सजावटीपासून आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांपासून दूर, वाडीबंदर आणि कुर्ला येथील दोन इमारतींत घोंघावत होती, आणि त्यांची दखल कोणी फारशी घेतली नाही. टाटांच्या तारांवरून येणारी वीज एका जातीची होती आणि गाडीच्या मोटारींना हवी असलेली वीज दुसऱ्या जातीची. या दोहोंमधील दुभाष्याचे काम ती यंत्रे करीत होती. आज ज्या विद्येस पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात, तिचा आपल्या मुलखातील आरंभ या दोन इमारतींत झाला असे मी मानतो, जरी त्या दिवशी तेथे इलेक्ट्रॉनिक असे काहीही नव्हते.

या प्रसंगाची मुळे घाटमाथ्यावर आहेत. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० साली स्थापन झाली, पुढल्याच वर्षी लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसली, आणि मावळात कोसळणारे पावसाचे पाणी सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडून १९१५ च्या फेब्रुवारीपासून मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविली जाऊ लागली. चाळीसहून अधिक मैलांचे हे अंतर १,००,००० व्होल्टच्या दाबाने ओलांडले जाई. इतका दाब कशासाठी, तर दाब दहापट केला असता तेवढीच शक्ती एक-दशांश प्रवाहाने वाहून नेता येते आणि तारांत उष्णतेच्या रूपाने होणारी नासाडी शंभरावा हिस्सा उरते. असा दाब चढविणे आणि मुक्कामी पोहोचल्यावर उतरविणे ही करामत त्या काळी केवळ प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदास पन्नास आवर्तने घेणाऱ्या एसी विजेलाच साधत असे, कारण ट्रान्सफॉर्मर हे एकही हलता भाग नसलेले यंत्र तिच्याच जोरावर चालते.

गिरण्यांना ही वीज मानवली. एसी मोटारीचा वेग तिला पुरविलेल्या विजेच्या आवर्तनांशी बांधलेला असतो. चार ध्रुवांची साधी मोटार मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेणार, आणि तिच्यावर भार कमी-अधिक झाला तरी त्यात फारसा फेरफार होणार नाही. चात्या आणि माग यांना हाच गुण हवा असतो. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातून, त्यात आमच्या खानापूर तालुक्यातूनही, ज्यांनी गिरणगावची वाट धरली, त्यांच्या दिवसाची लय या मोटारींच्या ठरीव फेऱ्यांवर बसलेली होती. आणि त्याच तालुक्यातील विट्यात आज यंत्रमागांचा जो खडखडाट रस्त्यावर ऐकू येतो, त्याच्या पाठीशी असलेल्या मोटारीही याच कुळातल्या आहेत.

आगगाडीचे मात्र तसे नाही. तिला स्थिर अवस्थेतून उठताना प्रचंड जोर लागतो, मग हळूहळू वेग वाढवावा लागतो, चढावर तो आपोआप कमी व्हावा लागतो. ही सारी लक्षणे डीसी, अर्थात एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या सिरीज मोटारीत जन्मतःच असतात, म्हणून ट्राम आणि रेल्वे यांनी जगभर तिलाच पसंती दिली होती. मुंबईत ट्रामगाड्या १९०७ पासून विजेवर धावत होत्याच. तेव्हा खोपोलीची एसी आणि रेल्वेची डीसी यांच्यामध्ये रूपांतर करणे अटळ होते, आणि वादाचा मुद्दा एवढाच होता, की ते कोठे करावयाचे. या लहानशा दिसणाऱ्या प्रश्नाच्या उत्तराने मुंबईच्या लोहमार्गांचे पुढील नव्वद वर्षांचे स्वरूप ठरविले.

१९२५ साली रूपांतर करणारे यंत्र म्हणजे रोटरी कन्व्हर्टर. लोखंड व तांबे यांचे ते अवजड धूड होते. त्याच्या एका टोकास गुळगुळीत कड्यांवरून एसी वीज आत शिरे, आर्मेचर गरगर फिरे, आणि दुसऱ्या टोकास तांब्याच्या शेकडो पट्ट्यांनी बनलेल्या कॉम्युटेटरवरून कार्बनचे ब्रश डीसी वीज उचलून घेत. एका कॉम्युटेटरने १,५०० व्होल्टचा दाब सोसावा ही अपेक्षा अवाजवी असल्यामुळे ७५० व्होल्टची दोन यंत्रे एकापुढे एक जोडण्याचा प्रघात असे. रुळांवर कोठे शॉर्ट सर्किट झाले, की कॉम्युटेटरच्या सभोवार ठिणग्यांचे कडे उठून यंत्र जळण्याचा प्रसंग येई. म्हणून ब्रश घासणे, पट्ट्या साफ करणे, बेअरिंगांना तेल घालणे यांसाठी रात्रंदिवस माणसांचा पहारा असे. असले यंत्र गाडीत बसविणे व्यवहार्य नव्हते. ते जमिनीवर, पक्क्या पायावर, इमारतीतच ठेवावे लागे. आणि ज्या अर्थी रूपांतर जमिनीवर, त्या अर्थी गाडीच्या माथ्यावरील तारेत डीसी वीज, आणि ज्या अर्थी डीसी, त्या अर्थी तिचा दाब मोटारीला सोसवेल इतकाच, म्हणजे १,५०० व्होल्ट. ही सारी साखळी रोटरी यंत्राच्या वजनाने ओढली गेली होती.

तिची किंमत हिशेबाने पाहावी. हजार किलोवॉट मागणाऱ्या गाडीस १,५०० व्होल्टवर सुमारे ६७० अँपिअर प्रवाह लागतो. तीच गाडी २५,००० व्होल्टवर चालविली, तर ४० अँपिअर पुरतात. म्हणून मुंबईच्या माथ्यावरील तारा जाड, तांबे भारी, आणि उपकेंद्रे थोड्याथोड्या मैलांवर. हे त्या वेळच्या इंजिनिअरांना कळत नव्हते असे नाही. हाती असलेल्या यंत्रांत तोच मार्ग शहाणपणाचा होता, आणि विलायतेतही त्या सुमारास १,५०० व्होल्ट डीसी हीच पद्धत प्रमाण म्हणून पुढे येत होती.

काम झपाट्याने पसरले. १९२८ च्या जानेवारीत आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज असलेल्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू केली, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज असलेल्या जी. आय. पी. रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्लीस चोळा येथे स्वतःचे वीजगृह १९२९ साली उभारले, आणि त्याच सुमारास विजेच्या तारा घाट चढून एकीकडे पुण्यास व दुसरीकडे इगतपुरीस पोहोचल्या. १ जून १९३० पासून पुण्याकडे धावू लागलेली दख्खनची राणी ही या उद्योगाची लाडकी लेक. पण तिचे कौतुक सर्वांनीच केले आहे, म्हणून मी मालगाडीकडे वळतो. बोर व थळ या दोन्ही घाटांत चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे. तेथे मालगाड्यांसाठी जी इंजिने आणली, ती स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे आखलेली असून त्यांच्यात एक अपूर्व सोय होती : उतारावर त्यांच्या मोटारी जनित्रे बनत, गाडीस आवरून धरीत, आणि तिच्या उतरण्याने निर्माण होणारी वीज तारेत परत घालीत. खाली येणाऱ्या गाडीने वर जाणाऱ्या गाडीस ओढावे, ही कल्पना कोणाही काटकसरी माणसास भावेल. रोटरी यंत्राची एक भलाई येथे उपयोगी पडे, ती ही की ते दोन्ही दिशांनी चालत असे. वर चढणारी गाडी जवळपास नसली, तर डीसी वीज उलट घेऊन तिची एसी करून ते मूळ तारांत परत देऊ शके.

हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण रोटरीस हुसकून लावणारे जे यंत्र पुढील दशकांत उपकेंद्रांत आले, त्याला उलटे चालता येत नव्हते. न्यूयॉर्कच्या पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०२ साली पाऱ्याच्या दिव्यावर काम करीत असता असे पाहिले, की निर्वात भांड्यात पाऱ्याचे डबके आणि त्याच्या वर ग्राफाइटचा ध्रुव ठेवून त्यांच्यात विजेचा चाप पेटविला, तर प्रवाह ध्रुवाकडून पाऱ्याकडे सुखाने जातो, उलट दिशेने जात नाही. विहिरीवरील पंपाच्या फूटव्हॉल्व्हमधून पाणी वर चढते आणि परत उतरत नाही, तद्वतच हे. असे सहा ध्रुव एका डबक्याभोवती मांडून त्यांस ट्रान्सफॉर्मरच्या सहा टोकांशी जोडले, की ज्या क्षणी ज्या टोकाचा दाब सर्वांत अधिक, त्या क्षणी त्या ध्रुवाने प्रवाह वाहावा आणि मग शेजाऱ्याच्या स्वाधीन करावा, अशी फेरपाळी चालू होते व बाहेर जवळजवळ सलग डीसी मिळते. हलता भाग एकही नाही. काचेच्या मोठ्या फुग्याला फुटलेले हात, आत निळसर जांभळा प्रकाश, आणि पाऱ्याच्या पृष्ठभागावर सैरावैरा धावणारा एक लखलखता ठिपका, असे त्याचे रूप असे. वाफ होऊन वर गेलेला पारा माथ्याच्या थंड काचेवर जमून पुन्हा खाली ओघळे.

रेल्वेच्या बाबतीत या यंत्राचा सर्वांत मोठा गुण साध्या अंकगणितात होता. चापात वाया जाणारा दाब वीस-तीस व्होल्ट, मग प्रवाह थोडा असो की पुष्कळ. शंभर व्होल्टच्या कामात हा तोटा परवडणारा नाही. पंधराशेच्या कामात तो शेकड्यास दोनच्या घरात राहतो. गाडी उभी असताना, भार हलका असतानाही रोटरी फिरतच राही व वीज खात राही. पाऱ्याचे यंत्र स्वस्थ बसे. मोठ्या शक्तीसाठी काचेऐवजी पोलादी टाक्या करण्याचे काम ब्राउन बोव्हेरी आदी युरोपीय कारखान्यांनी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे पार पाडले, आणि तेथून पाऱ्याची खरी परीक्षा सुरू झाली.

पोलादी टाकी निर्वात ठेवणे हेच मुळी दिव्य. सांध्यासांध्यांतून हवा झिरपे, म्हणून निर्वात-पंप अष्टौप्रहर चालू ठेवावे लागत. टाकी फार थंड पडली, की पाऱ्याची वाफ अपुरी होऊन चाप मध्येच तुटे आणि दाबाचे घातक झटके उठत. फार तापली, की वाफ दाट होऊन त्याहून वाईट ते घडे. यालाच उलट-चाप म्हणत. एखाद्या ध्रुवावर पाऱ्याचा थेंब बसला, परका वायू शिरला किंवा केवळ दैव फिरले, तर जो ध्रुव प्रवाह फक्त आत घेण्यास बांधलेला, तोच अकस्मात बाहेर टाकू लागे; मग सहाही ध्रुवांचे एकमेकांशी शॉर्ट सर्किट होऊन ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांस असा हिसका बसे, की स्विच तत्काळ न उडाल्यास यंत्राचा निकालच. हा दोष कधी उद्भवेल याचे भाकीत कोणास करता येत नसे. महिना महिना निर्वेध चालणारी टाकी एका दुपारी दोनदा उलटे. समुद्रकाठच्या दमट उकाड्यात तापमानाची ही अरुंद मर्यादा सांभाळणे हे काम युरोपातील थंड शहरांपेक्षा बिकट होते, हे सांगावयास नकोच.

दुसरी तक्रार तारायंत्र खात्याची. सहा ध्रुवांच्या फेरपाळीतून निघणारी डीसी पुरती सपाट नसते. तिच्यावर सेकंदास ३०० आवर्तनांची आणि तिच्या पटींतील तरंगांची किनार असते. हे तरंग मनुष्याच्या कानास ऐकू येणाऱ्या पट्ट्यात मोडतात, आणि रुळांच्या कडेने धावणाऱ्या टेलिफोनच्या तारांत ते प्रवेश करून संभाषण बुडवून टाकतात. उपाय म्हणून उपकेंद्रात ३००, ६००, ९०० अशा एकेका तरंगास गिळणारी वेटोळी व संधारित्रे बसवावी लागली. ध्रुव सहाचे बारा केले, तर तरंगाचे मूळ ६०० वर जाते व त्याची उंचीही घटते, ही युक्तीही तेव्हाचीच. विजेचे रूप बदलताना तिच्या अंगावर जे चरे उमटतात, ते पुसण्याचा खर्च रूपांतराच्या खर्चातच धरावा लागतो, हे इंजिनिअरांस येथे प्रथम कळले.

पाऱ्याच्या यंत्राला आज्ञेत आणण्याचे काम ध्रुवासमोर बसविलेल्या जाळीने केले. जाळीवर ऋण दाब ठेवला, की चाप पेटत नाही. तो उठविला, की पेटतो. आवर्तनाच्या कोणत्या क्षणी तो उठवावयाचा हे हाती आल्यामुळे दाब कमी-अधिक करता येऊ लागला, आणि पेटविण्याचा क्षण पुरेसा लांबविला, तर तेच यंत्र डीसीची एसीही करू लागले. स्वीडनच्या ऊनो लाम यांनी जाळ्यांची उतरंड रचून असे झडपयंत्र उच्च दाबास टिकाऊ करण्यात पुरी पंचवीस वर्षे घालविली, आणि १९५४ साली मुख्य भूमीपासून गॉटलंड बेटापर्यंत ९८ किलोमीटरांच्या समुद्री केबलमधून १,००,००० व्होल्टची डीसी वीज वाहू लागली.

स्वातंत्र्योत्तर काळात आपल्या रेल्वेने १९५७ साली फ्रेंचांच्या अनुभवावरून २५,००० व्होल्ट एसी ही पद्धत देशभरासाठी मुक्रर केली. याचा अर्थ रूपांतर आता इंजिनाच्या पोटात व्हावयाचे होते. १९५९ मध्ये आलेल्या पहिल्या एसी इंजिनांत पाऱ्याचीच इग्निट्रॉन जातीची भांडी होती. हेलकावे खाणाऱ्या इंजिनात पाऱ्याचे डबके शांत ठेवणे हा प्रकार विनोदी वाटला, तरी काही वर्षे तो निभावला गेला. मुंबई मात्र जुन्या डीसीवरच राहिली. तिच्या मार्गांवर इतक्या गाड्या, इतकी उपकेंद्रे, इतके तांबे गुंतलेले होते, की त्यास हात लावण्याचे धैर्य होणे नाही; आणि देशभराच्या एसी जाळ्यात ती एक बेट होऊन बसली, जिच्या सीमेवर इंजिने बदलावी लागत किंवा, १९७५ नंतर, दोन्ही जातींची वीज पचविणारी खास इंजिने वापरावी लागत.

पाऱ्याचे राज्य सिलिकॉनने संपविले. साधे सिलिकॉन रेक्टिफायर आधी आले. मग अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ साली, बेल प्रयोगशाळेतील संशोधनाचा धागा पुढे नेऊन, चार थरांची एक चकती तयार झाली, जिच्या तिसऱ्या टोकास क्षणिक इशारा दिला, की ती वाहू लागते. हाच थायरिस्टर. पाऱ्याच्या टाकीचे सारे काम, जाळीसकट, तळहातावर मावेल एवढ्या वस्तूत आले. निर्वात नको, पेटविणे नको. १९५८ मध्ये भांडुप येथे इंग्लंडच्या वेस्टिंगहाउस ब्रेक अँड सिग्नल कंपनीच्या सहकार्याने हिंद रेक्टिफायर्स हा कारखाना निघाला; म्हणजे ही विद्या मुंबईच्या लोकल मार्गाच्या कडेला येऊन बसण्यास फार काळ लागला नाही.

पण चकतीचीही दुखणी होती. पाऱ्याच्या टाकीस भाराचा अतिरेक घटकाभर सोसवे. सिलिकॉनची चकती सव्वाशे अंश सेल्सियसच्या पलीकडे भान हरपते आणि तिचा कपाळमोक्ष निमिषात होतो. इशारा मिळाल्यावर प्रवाह एकदम वाढला, तर चकतीचा एखादाच बिंदू तो सारा झेलून वितळतो. सर्वांत त्रासदायक खोड ही, की एकदा वाहू लागलेला थायरिस्टर आज्ञेने थांबत नाही. एसीमध्ये प्रवाह स्वतःच आवर्तनागणिक शून्यावर येतो, तेव्हा ही खोड खपून जाते. डीसीमध्ये तो शून्यावर येतच नाही, म्हणून भारलेल्या संधारित्राचा उलटा धक्का देऊन त्यास जबरीने विझवावे लागे, आणि ही विझविण्याची सामग्रीच मूळ यंत्राहून अवजड होई.

थायरिस्टरचा सर्वांत भव्य उपयोग महाराष्ट्रात झाला, तो लोहमार्गावर नव्हे. आमच्या जिल्ह्याच्या शेजारी कोयनेचे पाणी १९६२ पासून पोफळीस उतरून वीज देऊ लागले होते, आणि तेथून मुंबईचे अंतर एसीच्या आवाक्यातले होते. परंतु १९८० च्या दशकात कोळशाच्या खाणींलगत चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र वाढू लागले, तेव्हा वीज राज्याच्या एका टोकास आणि गिऱ्हाईक दुसऱ्या टोकास, अशी स्थिती झाली. इतक्या लांबीच्या एसी वाहिनीवर भार वाढविला, की दोन्ही टोकांची आवर्तने एकमेकांशी पाऊल राखीनाशी होतात. शिवाय वाहिनीच स्वतः भारण्यासाठी प्रवाह खाते. डीसीला पाऊल राखण्याचा प्रश्नच नाही, आणि तारा तीनऐवजी दोन. तिची दोन टोकांवरील रूपांतर-केंद्रे महाग, पण सहा-सातशे किलोमीटरांच्या पुढे तारांतील बचत तो खर्च भरून काढते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने हा हिशेब मान्य केला, आणि चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी ७५२ किलोमीटरांची, अधिक-उणे ५,००,००० व्होल्टची, १,५०० मेगावॉट वाहणारी वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस कार्यान्वित झाली.

एकटा थायरिस्टर काही हजार व्होल्ट सोसतो. म्हणून एकापाठोपाठ एक अशा अनेकांची माळ करून एक झडप बनवावी लागते, आणि त्या माळेतील प्रत्येकाने एकाच क्षणी, सेकंदाच्या लक्षांशाइतकाही आगापिछा न करता, वाहू लागणे आवश्यक असते, नाहीतर मागे राहिलेल्यावर साऱ्या दाबाचा बोजा पडून तो मरतो. इशारा प्रकाशाच्या रूपाने पोहोचवावा लागतो, कारण जमिनीवरून त्या माळेपर्यंत नेलेली कोणतीही तांब्याची तार लाखो व्होल्टचे अंतर ओलांडू शकत नाही. पडघ्याच्या बाजूस मुंबईकडील एसी दाब क्षणभर ढासळला, तरी प्रवाह एका झडपेतून दुसरीत जाण्याचे चुकते आणि उलट-चापाची आठवण करून देणारा प्रकार होतो. फरक इतकाच, की येथे नियंत्रण-यंत्रणा काही क्षणांत सारे पुन्हा मार्गी लावते. त्याच दशकात चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावतीस १,००० मेगावॉटचे दुसरे केंद्र झाले, ज्यात वाहिनी अशी नाहीच : एसीची डीसी आणि लगेच त्याच आवारात डीसीची एसी. पश्चिम व दक्षिण भारताची विद्युत्-जाळी तेव्हा निरनिराळ्या तालावर चालत, आणि ताल न जुळविता एकीकडची वीज दुसरीकडे देण्याची ती तजवीज होती.

इकडे आज्ञेने विझणारी चकती, प्रथम जीटीओ आणि नंतर आयजीबीटी या नावांनी, हाती आली. तिने एक जुना तिढा सोडविला. आवर्तने हवी तशी निर्माण करता येऊ लागली, तेव्हा त्यांच्याशी बांधलेली एसी मोटारही हव्या त्या वेगाने फिरू लागली. कॉम्युटेटर नाही, ब्रश नाही, आणि जोर सिरीज मोटारीसारखा. ज्या मोटारीला गिरणीतच बसून राहण्याची शिक्षा १९२५ साली झाली होती, ती २००७ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या नव्या लोकल गाडीच्या डब्याखाली आली. ती गाडी थांबताना वीज तारेत परत देते.

रूपांतर गाडीच्या पोटात मावू लागल्यावर माथ्यावरील तारेत डीसी ठेवण्याचे कारणच उरले नाही. तरीही बदल करण्यास वर्षे लागली, कारण दिवसाकाठी लक्षावधी माणसे वाहणारा मार्ग बंद ठेवून हे करावयाचे नव्हते. रात्रीच्या तासादोन तासांच्या मुदतीत खांब, इन्सुलेटर, सिग्नल आणि रुळांतील परतीच्या प्रवाहाचा बंदोबस्त बदलावयाचा, आणि मधल्या काळासाठी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या बाळगावयाच्या. २५,००० व्होल्टची तार पुलाच्या पोटापासून अधिक अंतर मागते. म्हणून ब्रिटिश अमदानीतील बुटक्या पुलांखाली कोठे रूळ खाली घ्यावे लागले, तर सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल २०१६ च्या जानेवारीत पाडलाच गेला. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ च्या फेब्रुवारीत आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ साली पुरे झाले. सर्वांत शेवटी राहिला हार्बर मार्ग, जेथे १,५०० व्होल्टची शेवटची लोकल २०१६ च्या एप्रिलात धावली.